'शी सेड' झालं की आतला काळ मागे न्यायचाच का? (बारावी, इंग्रजी व्याकरण)

कोथरूडकर

मंडळी, लेक यंदा बारावीला आहे, कॉमर्स. इंग्रजीच्या चाचणीत तिचा एक मार्क गेला आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

प्रश्न होता, वाक्य इनडायरेक्ट करा: शी सेड, "माय फादर वर्क्स इन अ बँक." लेकीने लिहिलं: शी सेड दॅट हर फादर वर्क्स इन अ बँक. सरांनी 'वर्क्स'भोवती लाल गोल काढला आणि वर 'वर्क्ड' लिहिलं. लेकीचं म्हणणं, वडील अजून नोकरीत आहेत, रिटायर झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही, मग 'वर्क्ड' कशाला? सरांचं म्हणणं, 'सेड' दिसलं की आतलं क्रियापद एक पायरी मागे, विषय संपला. नवरा सरांच्या बाजूने, मी लेकीच्या.

दुसरी शंका माझी स्वतःची. आत साधा भूतकाळ असला की 'हॅड' लावायचंच का? "आय वेंट टू सिंहगड" याचं दरवेळी 'हॅड गॉन' होतं का? आमच्या ऑफिसात तर कुणी असं बोलताना ऐकलं नाही.

आणि तिसरं म्हणजे, मराठीत ही भानगडच कशी नाही? 'ती म्हणाली की माझे बाबा बँकेत आहेत.' झालं काम.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. बोर्डात काय लिहायचं आणि एरवी काय चालतं, हे वेगवेगळं सांगितलंत तर फार बरं होईल.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो. बाकी पुण्यात हा धडा शिकवावा लागतो याचंच नवल वाटतं. इथे इनडायरेक्ट बोलतो कोण? (दिवे घ्या.)

खडूफळा

कोथरूडकर ताई, आयुष्य हेच शिकवण्यात गेलं, त्यामुळे आधी परीक्षेचं सांगते.

पहिली नजर अवतरणचिन्हांच्या आत नाही, बाहेर टाकायची. बाहेरचं क्रियापद 'सेज', 'विल से' किंवा 'हॅज सेड' असेल तर आतल्या काळाला हात लावायचा नाही. मुलं इथेच घसरतात. अवतरणचिन्ह दिसलं की बदलत सुटतात. बाहेर 'सेड', 'टोल्ड', 'आस्क्ड' असेल तरच पायरी उतरायची. मग 'इज'चं 'वॉज', 'इज गोइंग'चं 'वॉज गोइंग', 'हॅज गॉन'चं 'हॅड गॉन', 'वेंट'चंही 'हॅड गॉन'. 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'मे'चं 'माइट'. 'हॅड गॉन' आधीच तळाला आहे, त्याच्याखाली पायरी नाही, म्हणून ते तसंच राहतं. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' हेही जागचे हलत नाहीत.

त्रिकालाबाधित सत्य असेल तर बदल नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी १०० अंशांना उकळतं, ही ती नेहमीची उदाहरणं. (समुद्रसपाटीला हं. सिंहगडावर थोडं अलीकडेच उकळतं. पण ते भौतिकशास्त्राच्या सरांना विचारा.)

आता तुमच्या लेकीचं वाक्य. बँकेतली नोकरी हे काही त्रिकालाबाधित सत्य नव्हे, म्हणून नमुना उत्तरात 'वर्क्ड' असणार आणि तपासणारे तेच धरून बसणार. बोर्डाच्या पेपरात 'वर्क्ड'च लिहू दे. पण तिचं इंग्रजी चुकीचं आहे का? मुळीच नाही. सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवायची मुभा इंग्रजीत आहे, आणि चांगल्या व्याकरणात ती नोंदलेलीही असते. क्लासच्या नोट्समध्ये ती गळते, कारण एका पानाच्या तक्त्यात 'मुभा' बसत नाही. माझ्या हातात पेपर असता तर मी मार्क दिला असता आणि समासात 'असंही चालतं' असं लिहिलं असतं.

अबकचौक

अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात गाईड उघडून बघा, सगळीकडे तोच तक्ता. डावीकडे 'टुमॉरो', उजवीकडे 'द नेक्स्ट डे'. पोरं पाठ करतात, तपासणारेही त्याच तक्त्यावरून तपासतात. सरांना दोष देऊन काय उपयोग?

वाक्यविन्यास

तक्ता वाईट नाही. तो कशाचा तक्ता आहे हे कुणी सांगत नाही, ही खरी अडचण आहे.

'सेड'नंतर आतला काळ असा मागे नेण्याला 'बॅकशिफ्ट' म्हणतात. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीतल्या या प्रकाराची नीट फोड केली. त्यातला मुद्दा साधा आहे. वाक्याला एक 'आत्ता' असतो. डायरेक्टमध्ये तो 'आत्ता' बोलणाऱ्याचा असतो. इनडायरेक्टमध्ये इंग्रजी तो काढून घेते आणि निरोप सांगणाऱ्याच्या हातात देते. 'आय'चं 'ही' का होतं? कारण आता बोलणारा मी आहे आणि माझ्या दृष्टीने तो 'तो' आहे. 'हिअर'चं 'देअर' का? कारण मी त्या जागी उभा नाही. काळाचंही तेच. सर्वनाम, जागा, वेळ, काळ हे चार वेगळे नियम नव्हेत, एकच नियम चार ठिकाणी दिसतो.

हे एकदा डोक्यात बसलं की तक्त्याच्या मर्यादाही दिसायला लागतात. आमच्या प्लंबरचं घ्या. मंगळवारी फोनवर म्हणाला, "आय विल कम टुमॉरो." (मराठीत म्हणाला, पण असू दे.)

मंगळवारीच संध्याकाळी बायकोला सांगायचं तर: ही सेड ही विल कम टुमॉरो. 'वुड' म्हटलं तरी चालेल, पण 'टुमॉरो' हे 'टुमॉरो'च राहणार, कारण अजून बुधवार उजाडलेला नाही. तिथे 'द नेक्स्ट डे' म्हटलंत तर ऐकणारा गोंधळेल. बुधवारी दुपारी वाट बघत बसलोय: ही सेड ही वुड कम टुडे. गुरुवार आला, सिंकखाली बादली तशीच: ही सेड ही वुड कम यस्टरडे. आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा किस्सा रंगवून सांगायचा, तेव्हा: ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे.

वाक्य एकच, प्लंबर एकच. बदलला तो फक्त सांगणारा कुठल्या दिवशी उभा आहे तो. गाईडमधला तक्ता यातला शेवटचा प्रसंग धरून चालतो, म्हणजे सगळं होऊन गेलंय आणि आपण लांबून सांगतोय. परीक्षेतल्या वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ नसतो, म्हणून तसं धरणं रास्तही आहे. पण तेवढ्यावरून बाकीची तीन वाक्यं चुकीची ठरत नाहीत.

तिरकस

आणि प्लंबर आला का?

वाक्यविन्यास

ही सेज ही विल कम टुमॉरो. बाहेर 'सेज' आहे, त्यामुळे काहीच बदललेलं नाही. सिंकही नाही.

हिंजवडी_फेज३

हा धागा आमच्या टीमला वाचायला दिला पाहिजे. कोथरूडकर, ऑफिसात कुणी काळ मागे नेत नाही म्हणता, पण आमच्याकडे तो नेल्यामुळेच घोळ झाला आहे.

क्लायंटचा दुपारी फोन आला: "द सर्व्हर इज डाउन." टीममधल्या नव्या मुलीने बाहेरच्या टीमला मेल टाकला: क्लायंट सेड द सर्व्हर वॉज डाउन. शाळेत शिकवलेलं, अगदी नियमाप्रमाणे. पलीकडच्याने वाचलं, त्याला वाटलं मघाशी बंद होता, आता सुरू झाला असेल. तो जेवायला गेला. इकडे सर्व्हर आडवाच. 'वॉज' व्याकरणाने शंभर टक्के बरोबर होतं, पण 'अजूनही बंद आहे का' याचं उत्तर त्यात नव्हतं. तेव्हापासून मी नव्या पोरांना सांगतो, प्रॉब्लेम अजून जिवंत असेल तर 'इज'च लिहा. नाहीतर 'वॉज'च्या पुढे 'अँड इज स्टिल' जोडा.

तसाच प्रकार मीटिंगच्या नोंदींत, म्हणजे मिनिट्समध्ये. कुणी म्हणालं, "आय विल फिनिश द टेस्टिंग बाय फ्रायडे." मिनिट्समध्ये कुणी 'ही सेड ही वुड फिनिश' लिहिलं की मॅनेजरची भुवई वर जाते. 'वुड'मध्ये कुठेतरी 'म्हणाला होता खरा, पण...' असा वास येतो. शुक्रवार अजून यायचा आहे, म्हणून आम्ही 'विल' ठेवतो. शुक्रवार उलटून गेल्यावर मात्र 'वुड' लिहायला मॅनेजरच सगळ्यात पुढे.

रानडेवाला

हिंजवडीकरांच्या उलट बाजूने लिहितो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता केली, पुढे इंग्रजी डेस्कवर बसलो. तिथे बॅकशिफ्ट हे आमचं चिलखत होतं.

समजा एखादा अधिकारी म्हणाला, "द ब्रिज इज सेफ." बातमीत 'ही सेड द ब्रिज वॉज सेफ' लिहिलं की पूल सुरक्षित असल्याचं तो म्हणतोय, आम्ही नाही. 'ही सेड द ब्रिज इज सेफ' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की पेपरलाही ते मान्य आहे. वर्तमानकाळ ठेवला की सांगणारा त्या म्हणण्याला थोडा खांदा देतो. मागे नेला की खांदा काढून घेतो. उपसंपादक लोक हे तोलून-मापून करतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सोडला जातो, तेव्हा पाटबंधारे खात्याच्या आकड्यांना आम्ही 'इज' द्यायचो, कारण नदीकाठच्या माणसाला आत्ता काय परिस्थिती आहे ते कळायला हवं. राजकीय दाव्यांना मात्र हमखास 'वॉज'.

म्हणून कोथरूडकर, तुमच्या लेकीला विचारा, वडील बँकेत आहेत हे तू स्वतःच्या जबाबदारीवर सांगते आहेस का? हो म्हणाली तर 'वर्क्स'. नुसता निरोप पोचवत असेल तर 'वर्क्ड'. दोन्ही बरोबर, पण दोन्हींतून वेगळं काही कळतं.

अवांतर: मथळ्यांचं व्याकरण वेगळंच. तिथे काल घडलेलंही वर्तमानकाळात जातं. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

गोखलेनगर

'हॅड'वर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या घरचंच उदाहरण आहे.

आजोबा पानशेतच्या पुराच्या गोष्टी सांगायचे. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचंही टिकलं नाही, पाणी पेठांत शिरलं. आता हे इंग्रजीत सांगायचं: माय ग्रँडफादर सेड दॅट द डॅम ब्रोक इन १९६१. इथे 'हॅड ब्रोकन इन १९६१' म्हणायची काही गरज नाही. सालच दिलंय, म्हणजे धरण फुटलं ते आजोबा बोलायच्या आधीच, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. तारीख-वार असलेल्या ऐतिहासिक घटनेला काळ बदलत नाहीत, असं परीक्षेच्या पुस्तकांतही सापडतं.

पण आजोबांचं दुसरं वाक्य घ्या: "वी लिव्ड इन शनिवार पेठ." याचं 'ही सेड दॅट दे लिव्ड इन शनिवार पेठ' केलं तर काय कळतं? ते बोलले तेव्हा शनिवार पेठेतच राहात होते असं कळतं, कारण 'वी लिव्ह' असतं तरी त्याचं 'लिव्ड'च झालं असतं. खरं तर पुरात वाडा गेला आणि बिऱ्हाड गोखलेनगरला आलं. म्हणून इथे 'हॅड लिव्ड' हवंच. नाहीतर आजोबांचा पत्ताच बदलतो.

'वेंट'ची तशी पंचाईत होत नाही. 'ही सेड ही वेंट टू सिंहगड ऑन संडे' म्हटलं की रविवारी जाऊन आला, एवढंच कळतं. त्यामुळे बोलताना 'हॅड' गळतं आणि कुणाचं अडत नाही. 'लिव्ह', 'वर्क', 'नो', 'हॅव' ही स्थिती सांगणारी क्रियापदं असली की मात्र डोळे उघडे ठेवायचे.

खडूफळा

गोखलेनगर, फार छान. हे 'लिव्ड'चं वर्गात सांगायला हवं. फक्त बोर्डाच्या पेपरात साल-तारीख नसेल तर 'वेंट'चं 'हॅड गॉन'च लिहायचं, तिथे बोलण्यातली सवलत घ्यायला जाऊ नये.

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशासाठी? आता मोबाइल वाक्य दुरुस्त करून देतो. नोकरीत फ्लुएन्सी बघतात. कुणी 'हॅड' मोजत बसत नाही. पोरांना बोलू द्या.

हिंजवडी_फेज३

मोबाइलने त्या मेलमधलं 'वॉज' दुरुस्त केलं नसतं साहेब. वाक्य बरोबरच होतं.

कोर्टकचेरी

मराठीत ही भानगड नाही, असं धागाकर्तीने लिहिलंय. मराठीत भानगड आहे, फक्त ती दुसऱ्या खोलीत ठेवलेली आहे.

मी मराठी कागदपत्रांची आणि जबान्यांची इंग्रजी भाषांतरं करतो, शिवाजीनगरला. मराठीत आपण बोलणाऱ्याचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उचलतो, काळासकट आणि पुष्कळदा सर्वनामासकट. 'मी येतो असं तो म्हणाला.' 'मी येतो म्हणून सांगून गेला.' काळ हलत नाही, त्यामुळे 'तो आजारी आहे असं म्हणाला' यात 'तेव्हा' आजारी की 'आत्ता', हे संदर्भावर सोडलेलं असतं. तिथवर ठीक आहे.

आता हे वाक्य बघा: "रमेश म्हणाला की मी खोटं बोलतोय." खोटं कोण बोलतोय? रमेशने कबुली दिली, की रमेशने साक्षीदारावर आरोप केला? मराठीत दोन्ही बसतं. समोर उभा असलेला माणूस कुठल्या शब्दावर जोर देतो, त्यावरून आपण ओळखतो. कागदावर जोर येत नाही. इंग्रजीत 'ही वॉज लाइंग' लिहायचं की 'आय वॉज लाइंग' हे ठरवल्याशिवाय मला पुढचा शब्द टाइप करता येत नाही. पान उलटून आधीचं वाचावं लागतं, कधी वकिलांना विचारावं लागतं. धमकी किंवा शिवी असेल तर मी इनडायरेक्टच्या वाटेला जात नाही. मूळ शब्द अवतरणात देवनागरीत ठेवतो आणि शेजारी अर्थ देतो.

म्हणजे इंग्रजी काळाच्या बाबतीत काटेकोर आणि आपण सैल, हे खरं. पण त्या काटेकोरपणामुळेच अशी वाक्यं भाषांतरात लपून राहात नाहीत.

रानडेवाला

यावरून आठवलं. रानडेमध्येच रशियन शिकायला जायचो. रशियनमध्येही मराठीसारखंच आहे, काळ बोलणाऱ्याचाच राहतो. 'तो म्हणाला की तो पुण्यात राहतो', यात 'राहतो' वर्तमानकाळातच. सर्वनाम मात्र इंग्रजीसारखं फिरवतात. जपानीतही काळ मागे जात नाही असं आमच्या शेजारच्या वर्गातले सांगायचे. त्यामुळे आपल्या पोरांना बॅकशिफ्ट विचित्र वाटतो यात त्यांचा काही दोष नाही. जगात सगळीकडे असंच चालतं असं नाही.

वाक्यविन्यास

जपानीचं बरोबर आहे. संस्कृतातही 'इति' लावून मूळ बोल जसेच्या तसे ठेवायची सोय आहे, आणि आपल्या 'असं', 'म्हणून', 'म्हणे' यांचं काम त्याच जातीचं. शेजारी कन्नडमध्येही तशीच रीत. आपण अशाच भाषांच्या मध्ये राहतो. आपली पोरं घरातून हीच सवय घेऊन इंग्रजीच्या वर्गात येतात.

अभ्यासिका

सगळ्यांना नमस्कार. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. धागा बुकमार्क केला आहे. माझ्या काही अडलेल्या जागा: 'मस्ट'चं नेहमी 'हॅड टू' होतं का? 'लेट अस'चं काय करायचं? 'इफ आय वर रिच' याला हात लावायचा का? आणि प्रश्नार्थक वाक्यं. मी लिहिलेलं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग' हे सरांनी पूर्ण खोडलं, कारण सांगितलं नाही.

खडूफळा

शेवटच्यापासून सुरू करते, कारण ती जागा सगळ्यांनाच नडते.

तुमच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. 'दॅट' आलं ते मराठीतून. आपण म्हणतो 'त्याने विचारलं की कुठे चाललास', म्हणून बोट आपोआप 'दॅट'वर जातं. इंग्रजीत 'व्हेअर', 'व्हाय', 'हाउ' हेच जोडण्याचं काम करतात, वेगळा 'दॅट' लागत नाही. प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' घ्यायचा. दुसरी गोष्ट, 'वॉज आय' ही प्रश्नाची मांडणी. इनडायरेक्टमध्ये प्रश्न विचारला जात नाही, प्रश्न विचारला होता एवढंच सांगितलं जातं, म्हणून कर्ता पुन्हा पुढे येतो आणि प्रश्नचिन्ह जातं: ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग. आणि 'सेड'नंतर माणूस थेट येत नाही, 'टोल्ड'नंतर येतो. 'सेड मी' लिहिणारे पदवीधर मी पाहिलेत.

'मस्ट'ला दोन चेहरे आहेत. "आय मस्ट गो" म्हणजे जायलाच हवं, इथे 'ही सेड ही हॅड टू गो' चालतं. "ही मस्ट बी अस्लीप" म्हणजे झोपला असणार, हा अंदाज झाला. इथे 'हॅड टू' केलंत तर त्याला झोपायची सक्ती होती असं होईल. अंदाजाचा 'मस्ट' जागचा हलवायचा नाही.

'लेट अस गो' हा बेत असतो: ही प्रपोज्ड दॅट दे शुड गो, किंवा सुटसुटीत म्हणजे ही सजेस्टेड गोइंग. 'इफ आय वर रिच, आय वुड बाय अ फ्लॅट इन कोथरूड' याला फक्त सर्वनामापुरता हात लावायचा: ही सेड दॅट इफ ही वर रिच, ही वुड बाय अ फ्लॅट इन कोथरूड. इथला 'वर' भूतकाळाचा नाहीच मुळी. तो फ्लॅट हातात नसल्याचा आहे. म्हणून पायरी उतरायचा प्रश्न येत नाही.

आज्ञा आणि विनंतीत काळाची कटकटच नाही. 'टोल्ड' किंवा 'रिक्वेस्टेड' आणि पुढे 'टू'. नकार असेल तर 'नॉट टू'.

तिरकस

आणि ते 'एक्सक्लेम्ड विथ सॉरो'? "अलास! आय हॅव फेल्ड!" याचं इनडायरेक्ट करताना आम्हीच सॉरोमध्ये जायचो. लाल पुठ्ठ्याच्या व्याकरणाबाहेर कुणी 'अलास' म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

खडूफळा

तिरकस, ते पेपरात आलं तर लिहायचं, घरी येऊन हसायचं.

अभ्यासिका

धन्यवाद मॅडम. 'मस्ट'चं आज पहिल्यांदा कळलं. वहीत उतरवून घेतलं.

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला संध्याकाळी पूर्ण धागा वाचून दाखवला. घरात असं ठरलं की पेपरात 'वर्क्ड', बाहेर ज्याला जे सांगायचंय त्याप्रमाणे. नवऱ्याने लगेच रानडेवाल्यांचं चिलखत वापरायला सुरुवात केली आहे. "युवर मदर सेड डिनर वॉज रेडी" म्हणाला, म्हणजे तो हमी देत नाही.

प्लंबरच्या किश्श्यावर लेकीने एक नवीन प्रश्न काढलाय. दोन मजली वाक्य असेल तर? म्हणजे: आई सेड, "बाबा टोल्ड मी दॅट द प्लंबर इज कमिंग टुमॉरो." बाहेर 'सेड', आत 'टोल्ड', त्याच्याही आत 'इज'. 'टोल्ड'चं 'हॅड टोल्ड' होईल, मग 'इज'ला किती पायऱ्या उतरवायचं?

वाक्यविन्यास

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

एकच पायरी. आई सेड दॅट बाबा हॅड टोल्ड हर दॅट द प्लंबर वॉज कमिंग द नेक्स्ट डे. 'इज' एकदा 'वॉज' झालं की निरोप आणखी दहा तोंडांतून आला तरी ते 'वॉज'च राहतं, कारण पायऱ्या तोंडं मोजून उतरत नाहीत. शेवटच्या सांगणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट मागची झाली, एवढंच बघायचं. 'हॅड बीन कमिंग' केलंत तर प्लंबर आधीपासून येतच होता असा अर्थ होईल.

आणि बाबांनी हे आजच सांगितलं असेल आणि आईही आजच सांगत असेल, तर 'द नेक्स्ट डे'च्या जागी 'टुमॉरो'. पेपरात नको.

तिरकस

आमच्या सोसायटीत 'हॅड बीन कमिंग'च बरोबर आहे. दिवाळीपासून येतोय.